गुणमालाकाकूंचं बिनकांद्याचं घुटं

आमच्या गल्लीत कुणाकडे काय शिजतंय ते पूर्वी वासावरून कळायचं. आता गुणमालाकाकूंच्या घरचं आधी फेसबुकला कळतं, मग त्यांच्या नवऱ्याला, आणि वास सगळ्यात शेवटी येतो. पलूसजवळच्या आमच्या गावात त्यांची आणि आमची भिंत एकच. काकू साठीच्या, जैन, अंगानं चिपाड आणि आवाजानं साखर कारखान्याचा भोंगा. मुलगा आर्जव पुण्याला नोकरीला गेला, जाताना जुना मोबाइल आईला देऊन गेला, आणि फेसबुकच्या पानावर 'गुणमालाची चूल' पेटली.

मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवायचा, पदर सावरायचा आणि "जय जिनेंद्र मंडळी!" म्हणून सुरू करायचं. सगळा स्वयंपाक कांदा-लसणाशिवाय. कुठकुठल्या परगावच्या सुना काकूंना विचारून फोडणी द्यायला लागल्या. आदगोंडाअण्णा, म्हणजे काकूंचे यजमान, तेवढे कुरकुरायचे. "हिचं जेवाण आधी जग बघतंय, मग मला गार मिळतंय."

एवढा सगळा खटाटोप होता मात्र एकाच माणसासाठी. काकूंची थोरली बहीण चंदनाआक्का इस्लामपूरला असते. आक्कानं सत्याचं व्रत घेतलंय आणि ते ती पाळते. इतकं की आर्जवला सांगून आलेल्या पहिल्या स्थळानं "मुलगा बाहेर कांदा-लसूण खातो का हो?" असं आक्कालाच हळूच विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "खातोय की. चातुर्मासातबी खातोय." स्थळ मोडलं. "एक शब्द खोटं बोलली असतीस तर जीभ झडली असती काय तुजी?" असं काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या. आक्का उठली ती थेट एसटी स्टँडवर गेली. पुढे आर्जवला ब्राह्मी नावाची गुणी बायको मिळाली, सगळं मार्गी लागलं, पण दोघी बहिणी गेली पाच वर्षं बोलत नव्हत्या.

बोलत नव्हत्या, बघत मात्र होत्या. काकू प्रत्येक व्हिडिओचा तुकडा व्हॉट्सॲपच्या स्टेटसला लावायच्या आणि एका हातानं डाळ घोटत दुसऱ्या हातानं कुणी कुणी बघितलं ते तपासायच्या.

"बघितलं गं आक्कानं!"

"काय म्हणाल्या?" मी विचारायची.

"काय म्हणतीया? बघितलं."

"मग तुम्हीच फोन करा की, काकू."

"मी का? ती थोरली हाय."

यावर कुणाचं काय चालणार? घरात कुणाला आवडो न आवडो, पदार्थ मात्र आक्काच्या आवडीचेच व्हायचे. बघून तरी ती विरघळेल, ही आशा काकूंनी सोडली नव्हती.

श्रावणात त्यांनी उडदाची डाळ घोटून घुटं केलं, आई करायची तसं, आक्काचा जीव की प्राण. लसणाऐवजी हिंग-जिऱ्याची चरचरीत फोडणी दिली. व्हिडिओ झकास झाला. फक्त काकूंच्या पाठीमागे, ओट्याखाली, वेताच्या एका बुट्टीवरचं फडकं घसरलं होतं आणि त्यातून लालबुंद कांदे कॅमेऱ्याकडे बघत होते.

संध्याकाळपर्यंत कुणीतरी त्या बुट्टीभोवती लाल गोल काढला आणि सगळीकडे पाठवला. "चातुर्मासात घरात कांदा! आणि आम्हाला धर्म शिकवता?" "लाइकसाठी ढोंग." काल ज्यांना डाळ कशी भिजवायची ते काकूंनी शिकवलं, त्याच बायका सगळ्यांत पुढे. मला असा संताप आला! शेजारणीच्या घरात डोकवायला पूर्वी निदान भिंतीवर चढावं लागायचं. आता गादीवर लोळून, अंगठ्यानं शिव्या देता येतात.

काकूंनी अण्णांना बोलावलं. "आवं, ह्ये काय?"

"शेतात गड्यांस्नी भाकरीसंगं द्यायला ठेवलंतं."

"कोन गडी? नाव सांगा."

अण्णा छताकडे बघायला लागले. त्या गड्याला सगळी गल्ली ओळखते. तो चातुर्मासात हटकून आमच्याकडे कांदाभज्यांच्या वेळी येतो.

मी गेले तेव्हा काकू चुलीपुढे नाही, भिंतीला टेकून बसल्या होत्या. भोंगा बंद. "माया, समदं पुसून टाक बाई. लोकांचं जाऊ दे. आक्का बघंल. म्हणंल, पोरगं तसं, आई तशी. जी काय थोडी आशा व्हती तीबी गेली." आणि पदर तोंडाला लावून त्या रडल्या. काकूंना रडताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि मला ते अजिबात सोसलं नाही.

मी मोबाइल घेतला. पान बंद करायचं कुठून, ते शोधत खाली सरकत होते, तर शिव्यांच्या गर्दीत जास्वंदीच्या फुलाचा फोटो दिसला. शेजारी नाव, चंदना. मी मोठ्यानं वाचलं.

"ती बुट्टी शेजारच्या मायाची आहे. तिच्याकडे पाहुणे आले होते, जागा नव्हती म्हणून इथे ठेवली होती. मी स्वतः तेव्हा तिथेच बसले होते. माहिती नसताना कुणाला बोलू नये."

बुट्टी माझी नव्हती. पाहुणेही आले नव्हते. आणि आक्कानं पाच वर्षांत या घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

काकूंनी डोळे पुसले. "परत वाच." मी परत वाचलं. त्यांनी मोबाइल ओढून घेतला आणि इतकी वर्षं पाठ असलेला नंबर लावला.

"आक्का... तुजं व्रत गं?"

"मोडलं," आक्काचा आवाज बाहेरपर्यंत आला. भोंगा घराण्यातलाच असणार. "मुनीमहाराजांकडं जाऊन प्रायश्चित्त घ्येते. तवा एक शब्द मागितला व्हतास, आज चार वाक्यं लिवली. झालं समाधान? आनि घुट्यात हिंग कमी घातलायस, फोडणीकडं बघूनच कळतंय."

मग दोघी एकदम बोलायला लागल्या आणि दोघींपैकी कुणीच ऐकत नव्हती. मी उठून घरी आले.

थोड्या वेळानं दारात काकू. कमरेवर कांद्याची बुट्टी, मागे मान खाली घालून अण्णा. बुट्टी त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात नेऊन ओट्याखाली नीट सरकवली.

"आता ही तुजीच," त्या म्हणाल्या. "आमची आक्का खोटं बोलत न्हाई."