पूजेतला पाना

खंडेनवमीला शेजारच्या गॅरेजात झेंडूचे हार दिसले की मला ती केस आठवतेच. गोष्ट साठच्या दशकातली. मी बेंगळुरूत सबइन्स्पेक्टर होतो. शहर तेव्हा सायकलवर फिरण्याजोगं होतं, आणि दसऱ्याच्या प्रदर्शनाला सगळं गाव लोटायचं. काय दिवस होते ते!

प्रदर्शनात एक जुना लाकडी रोलर कोस्टर होता. मालकाने त्या वर्षी त्याला नवी चाकं आणि नवे डबे बसवून घेतले. पूर्वी धरायला नुसता दोर असे, आता मांडीवर लोखंडी दांडा आला. सगळं काम एका मराठी मिस्त्रीचं. त्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच.

खंडेनवमीच्या संध्याकाळी वळणावर एक चाक निखळलं. दांड्यामुळे कोणी बाहेर फेकलं गेलं नाही, पण एका शाळामास्तरांचा पाय मोडला. मालकाने फिर्याद दिली की, मिस्त्रीने दुपारी नट आवळून गाडी चालू करायला सांगितली. मिस्त्रीला अटक झाली.

"बोल बाबा, तुरुंगात जाशील," मी तासभर डोकं फोडलं.

"चूक माझी, सार," एवढंच तो म्हणे.

इतक्या सहज मिळालेल्या कबुलीवर माझा कधीच विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावरच्या फूलवाल्या अक्काने मला बाजूला घेऊन सांगितलं की, खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडलेली होती, त्यांना कोण हात लावणार? पंच घेऊन मी शेड उघडली. देवाच्या तसबिरीपुढे सगळे पाने ओळीने, कुंकवासकट. गाडीच्या उरलेल्या चाकांच्या नटांवर सकाळच्या पूजेतली गंधाची बोटं जशीच्या तशी. पाना लागला असता तर ती पुसली गेली असती. पंचनामा पाहून तिकीटवाल्याने जबाब दिला: गर्दी बघून मालकानेच गाडी सोडायला लावली.

मिस्त्रीपुढे कॉफी ठेवली, तसा तो रडायला लागला. "नवी चाकं, सार. चार फेऱ्यांत नट सैल होतात. आज गाडी बेडा, बंद ठेवा म्हटलं होतं. मालक ऐकले नाहीत. पाना हाताशी होता, पण देवापुढचा उचलायचा कसा?"

त्या दिवशी ठाण्यात आमच्या बंदुकाही हार घालून बसल्या होत्या. दंगल झाली असती तर क्षणभर मीही थबकलो असतो. माणूस चुकतो तो नेहमी वाईटपणानेच नव्हे, हे मी त्या केसमध्ये शिकलो.

आरोपपत्र मालकावर गेलं, मिस्त्री साक्षीदार झाला. सही करताना तो म्हणाला, "सरी, ठीक आहे, सार. पण आरोपींत माझंही नाव लिहा. पाना उचलायला माझा हात कोणी धरला नव्हता."

ते नाव मी लिहिलं नाही. बरोबर केलं की नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.