माणिकप्पाची न गळणारी होडी

माणिकप्पाच्या घराण्यात कुणी कधी मासा चाखलेला नाही, पण स्वतःची होडी बाळगणारा गावातला एकमेव शेतकरी तोच. सास्तूरकडच्या त्याच्या गावाला धरणाचा फुगवटा अगदी खेटून आहे आणि बायकोचं, चन्नम्माचं, माहेर बरोबर समोरच्या काठावर. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून त्यानं पत्र्याची होडी करून घेतली आणि दर पंचमीला बायकोला स्वतः वल्हवत माहेरी पोचवू लागला. लोक हसले. हसू देत बापडे. त्यांच्या बायका एसटीत उभ्यानं माहेरी जात होत्या.

उन्हाळ्यात पाणी मागं सरलं की होडी काठावर ओढायची, पालथी घालायची, गंज खरवडायचा, डांबर तापवून सांध्यांवर फासायचं, हे त्याचं दरवर्षीचं व्रत. त्या दिवसांत जेवायलाही हाक मारून आणावं लागे. "माझ्या होडीत थेंब येत न्हाय," हे त्यानं पारावर इतक्यांदा ऐकवलं होतं, की तो तोंड उघडायच्या आत लोकच ते म्हणून टाकत.

आणि गेल्या पंचमीला होडीत पाणी आलं. परत येताना चन्नम्मा नातीला, शिवरंजनीला, मांडीवर घेऊन मागच्या फळीवर बसली होती. काठाला लागेपर्यंत भावानं दिलेलं नवं लुगडं पिशवीसकट भिजलं. पोरीचा बाप शिवप्रसाद काठावर उभाच होता. "आता बास," तो म्हणाला, "पुढच्या पंचमीला आईला म्या गाडीनं सोडणार." चन्नम्मा काहीच बोलली नाही, आणि तेच माणिकप्पाच्या जिव्हारी लागलं. ती भांडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिला घेऊन पाणी ओलांडायचं नसेल, तर ही होडी ठेवायची तरी कशाला?

म्हणून यंदा तो मान खाली घालून बिभीषणकडं गेला. बिभीषणचा धंदाच मासेमारीचा.

"नुसतं डांबर फासून काय कळतंय, आप्पा," बिभीषण म्हणाला. "सुलटी करून दगडावर ठिवा अन् आतून पाणी भरा. खाली शिरून बघितलं की गळती दिसंल."

तसंच केलं. मोटारीचा पाइप चन्नम्मानं धरला आणि माणिकप्पा गोणपाट अंथरून होडीखाली आडवा झाला.

"दिसतंय का काई?"

"न्हाय."

अर्धी होडी भरली तरी तळ कोरडाच. पोराला काय सुनवायचं ते माणिकप्पानं मनात जुळवायला घेतलं. होडी काठोकाठ भरली, वजन पडलं, आणि पुढच्या फळीखालच्या सांध्यातून एक थेंब टपकन त्याच्या कपाळावर पडला. मग दुसरा. ही तर चन्नम्माची नेहमीची जागा.

गप्प बसावं, असं त्याला क्षणभर वाटलं. पण तिथं ती बसणार होती.

"गळतीया," तो म्हणाला. "तुझ्याच फळीखाली."

"ठावं हाय मला," वरून उत्तर आलं.

माणिकप्पा सरपटत बाहेर आला. चन्नम्मा पाइप गुंडाळत होती.

"पयल्या वर्सापासनं हाय," ती म्हणाली. "होडीत मानूस बसलं की सांधा उघडतोय. म्या तिथं टाच दाबून बसते. गेल्या साली पोरीला घिऊन मागं बसले, म्हनून आलं पानी."

"अन् इतकी वर्सं मला सांगितलं न्हाईस?"

"काय सांगायचं? तुमी वल्हं मारताना कसं ताठ बसताव. माहेर येईस्तवर बघत ऱ्हावं वाटतंय."

या वयात माणिकप्पा लाजला. होडीकडं तोंड करून उगाच सांधा चाचपत राहिला.

मग पाणी उपसून त्यानं फळी उचकटली आणि सांध्यावर डांबरात भिजवलेलं गोणपाट आतून-बाहेरून चढवलं. वाळल्यावर पुन्हा होडी भरली. या वेळी खाली शिवप्रसादला झोपवलं. बराच वेळ वाट पाहून तो कपडे झटकत उठला. "जावा होडीनं," एवढंच म्हणाला.

पंचमीला नवरा-बायको निघाले. पाण्याच्या मध्यावर माणिकप्पाचं लक्ष खाली गेलं. तळ खडखडीत कोरडा होता, तरी चन्नम्माची टाच सांध्यावर घट्ट रोवलेली.

"काढ की आता पाय," तो म्हणाला.

"असू द्या," ती म्हणाली. "सवय झालीया."