विहिरीवरचं शेवाळ

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. काल गंगूकाकींच्या ओसाड बागेत गेलो. विहिरीच्या चिऱ्यांवर शेवाळ परतलंय.

शेवाळाला मुळं नसतात. ते हवेवर जगतं, म्हणून हवा बिघडली की तेच आधी मरतं. बागेमागचा कारखाना चालू होता तेव्हा ते सगळं काळं पडलं होतं, पोफळी करपत होत्या. कारखान्याच्या पगारावर झाडांची पाहणी करणाऱ्या मला काकींनी विचारलं, "मास्तर, तुमचा धूर बाधला काय ओ माझ्या बागेला?"

"छे, काकी. खारा वारा."

त्या दरवर्षी समुद्राच्या बाजूला झावळ्यांचा आडोसा बांधत राहिल्या. धूर मागून येत होता. बाग गेली, मग काकीही.

आता कारखाना बंद आहे, वारा तसाच खारा आहे. "काकी, वाऱ्याचा दोष नव्हता, मला माफ करा," एवढं म्हणायला त्यांच्या ओटीवर मी कधी गेलोच नाही.