मे महिन्यातल्या गोधड्या

परळला एका जुन्या दुग्धालयात मी दही लावतो. गाव माझं हिंगोलीकडचं. सातवीनंतर शाळा सुटली आणि फिरत फिरत इथे आलो. दही लावायला शिकवलं काकांनी. ते माझ्या नात्यातले नव्हेत. लालबागला राहणारे मालवणी गृहस्थ, दुकानातले सगळ्यात जुने कारागीर. पण मुंबईत पहिलं घरचं जेवण मला मिळालं ते काकींच्या हातचं, आणि अजूनही रविवारी मी त्यांच्याकडेच जेवतो. म्हणून काकांना साधा खोकला आला तरी मी घाबरतो. हा माणूस गेला तर या शहरात आपलं कोण?

त्या दिवशी मे महिन्याची दुपार होती. दुकानामागच्या गल्लीत दुधाचा टेम्पो मागे येताना काका टेम्पो आणि दगडी ओट्याच्या मध्ये सापडले. ओरडा झाला, टेम्पो पुढे गेला, काका खाली बसले ते बसलेच. कमरेपासून मांडीपर्यंत लेंगा लाल झाला.

अशा वेळी माणूस हाताला येईल ते आणतो. कोणी पियुषासाठी आणलेला बर्फ आणला, कोणी बादलीभर पाणी त्यांच्या अंगावर ओतलं. मालक पुठ्ठ्याने वारा घालायला लागले. मी चक्का टांगायचं धुतलेलं फडकं मांडीवरच्या जखमेवर दाबून धरलं.

"मेल्या, माझो चक्को बांधतंस काय?" काका म्हणाले.

बोलतायत म्हटल्यावर मला जरा धीर आला. पण लगेच त्यांचे दात वाजायला लागले. "थंडी भरली रे. काय तरी घाल आंगार."

आम्ही सगळे घामाने निथळत होतो. माळ्यावर दह्याच्या गोधड्या होत्या. थंडीच्या दिवसांत त्या मडक्यांभोवती गुंडाळाव्या लागतात, नाहीतर दही पातळच राहतं. मी फडकं टेम्पोवाल्याच्या हाती दिलं, "जोरात दाब" म्हटलं, आणि दोन गोधड्या खाली ओढल्या. काकांचा ओला शर्ट काढून त्यांना त्यात गुंडाळलं.

"अरे, वेड लागलं का तुला?" मालक ओरडले. "मे महिन्यात गोधडी? गुदमरेल तो!"

"काकांनीच मागितलीय," मी म्हणालो. दुसरं काही कारण माझ्याजवळ नव्हतं.

हॉस्पिटल जवळच होतं. टॅक्सीतून काकांना उतरवल्यावर एका तरुण डॉक्टरबाईंनी त्यांच्या अंगाला हात लावून पाहिला, मग गोधडीचं टोक उचललं. आंबूस वास आला असणार.

"ही कोणी घातली?"

आता मालकांचंच खरं होणार, असं वाटलं.

"तुम्ही का?"

"त्यांनीच मागितली, मॅडम. दह्याची आहे, पण धुतलेली आहे."

"बरं केलंत," त्या म्हणाल्या आणि काकांना आत घेऊन गेल्या.

काकी आल्या. आम्ही बाकावर बसून राहिलो. संध्याकाळी डॉक्टरबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या तोंडून भलतंच ऐकलं. मोठी रक्तवाहिनी बांधली होती. पोटातही मार होता, तिथे नुसत्या कापडाच्या घड्या दाबून ठेवल्या होत्या. ऑपरेशन अर्ध्यावरच थांबवलं होतं.

"अर्ध्यावर म्हणजे?" मी विचारलं. आमच्याकडे चक्कासुद्धा कोणी अर्धा टांगून जात नाही.

"रक्त धरत नाहीये, गोठतच नाहीये. टाका घालावा तिथून पाझरतंय. आत्ता पुढे गेलो तर टेबलावरच जातील. आधी अंग गरम करायचं, रक्त द्यायचं. ते धरायला लागलं की उरलेलं काम. नाही लागलं तर..." काकींकडे बघून त्या थांबल्या.

"मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचारा."

"थंडीत दही लागत नाही, तसं का हे?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. हसतील असं वाटलं, हसल्या नाहीत. "थोडंफार. रक्तात त्याला धरवणारं सामान असतं. एवढं रक्त गेलं की तेही जातं, काही जखमा बुजवता बुजवता संपतं. उरलेलं थंड अंगात नीट काम करत नाही."

"म्हणजे विरजण संपलं, वर थंडी पडली."

"हं. पण फरक आहे. तुमचं दही मडकंभर लागायला हवं. रक्त सगळं लागलं तर माणूस मेला. फाटलंय तिथेच लागलं पाहिजे, बाकीचं वाहतं राहिलं पाहिजे."

त्या गेल्या आणि मी ते वाक्य घेऊन बसलो. विरजण घातलं की काठापासून मधोमध सगळं लागतं. इथे लाग, तिथे नको, असं दुधाला सांगता येत नाही. मग रक्ताला कोण सांगतं?

दाराच्या काचेतून काकांच्या खाटेवर एक पिवळी पिशवी टांगलेली दिसली. काकी घाबरल्या. "ह्या काय पिवळा देतत? रगत खंय?"

मीही दचकलो. दह्यावर निवळी येते ना, थेट तसा रंग. सिस्टर म्हणाल्या, हे रक्तच, तांबडं काढून उरलेलं. धरवणारं सामान यातच असतं. बर्फासारखं गोठवून ठेवतात आणि कोमट पाण्यात सोडवून देतात.

"किती कोमट?" मी विचारलं.

"तुम्हाला कशाला हवंय?"

खरंच, मला कशाला? पण दूध बोट बुडवून पाहायची सवय. एवढ्या काळजीतही काकी म्हणाल्या, "हेका सगळा व्हया. शाळेत जावक नको होता, आता इचारता."

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरबाई तोंडावरचा मास्क खाली ओढत आल्या. "धरतंय," एवढंच म्हणाल्या. काकींनी माझा दंड इतका घट्ट पकडला की नखं रुतली. काकांना पुन्हा आत नेलं, पोटातल्या घड्या काढल्या, उरलेलं शिवलं.

काका शुद्धीवर आल्यावर मी धीर करून विचारलं, "गोधडीने वाचले का?"

"एकट्या गोधडीने कोणी वाचत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "दाबून धरलंत, लगेच आणलंत, रक्त मिळालं. पण आणखी गार होऊन आले असते तर आमचं काम आणखी अवघड झालं असतं." त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. लाजलो, नमस्कार केला.

त्या गोधड्या आणि फडकं हॉस्पिटलने पिशवीत घालून परत दिलं होतं. धुवायला काढलं तर फडक्यावर काळसर, जाड थर होता, सायीसारखा सुटून येणारा. अंगालगतच्या गोधडीवर मात्र फिकट, पातळ डाग लांबवर पसरलेला. फडकं आधी लावलेलं, गोधडीवरचं नंतरचं. बिघडलेलं दही मी पुष्कळ पाहिलंय. कुठपर्यंत काकांचं रक्त लागत होतं आणि कुठून लागेनासं झालं, ते माझ्या हातात होतं. नळ बंद करून मी तसाच उभा राहिलो.

आता काका काठी घेऊन दुकानात येतात, स्टुलावर बसतात. थंडी पडल्यावर काकींनी जुन्या लुगड्यांच्या दोन नव्या गोधड्या शिवून दिल्या. एक मडक्यांना, एक काकांच्या पायांवर घालायला, ती काढायची नाही अशी ताकीद देऊन. परवा विरजण घालताना मी त्यांना विचारलं, "काका, रक्ताला कसं कळत असेल, कुठे लागायचं ते?"

"माका काय इचारतंस? मी थंय निजललंय. तुझ्या डाक्टरणीक इचार." मग पायावरची गोधडी काढून त्यांनी माझ्या अंगावर फेकली. "आणि ही घे. उकाडता माका. त्या मडक्याक घाल."

काकी येत नाहीत ना, ते आधी दाराकडे पाहिलं, आणि मडक्याला घातली.