दुसऱ्या माठातला कोळसा

त्या सुताराला मी आजही माफ केलेलं नाही. त्यानं माठांची घडवंची नीट केली असती तर मी पेन्सिल हातात धरली नसती, आणि तो रविवार माझ्या वाट्याला आला नसता.

लढाईची वर्षं होती. मी सांगलीच्या पेठेत हळदीची दलाली करत होतो. इस्लामपूरकडच्या खेड्यातून अंगावरच्या कपड्यांनिशी आलेला माणूस मी. जे मिळवलं ते या बोटांनी. हळदीचा भाव तेव्हा रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून ठरायचा, तोंडातून चकार शब्द नाही. माझं बोट मागं हटत नाही असं पेठेत म्हणायचे. ही खोड दुकानापुरती राहिली नव्हती. भाजीवाली असो की न्हावी, पहिल्या भावाला मी कधी हो म्हटलं नाही.

आदल्या उन्हाळ्यात पटकीनं आमची थोरली मुलगी गेली. नऊ वर्षांची. सकाळी सुरू झालं आणि दिवेलागणीला संपलं. डॉक्टर म्हणाले, पाणी उकळून प्या. पण जळणाची इतकी टंचाई होती की दोन वेळची चूल पेटवायची मारामार. धाकटी तीन वर्षांची. ती पाणी प्यायला लागली की बायको हातातलं काम टाकून तांब्याकडं बघत राहायची.

म्हणून मी घरीच पाणी गाळायचं ठरवलं. चार माठ, एकाखाली एक. वरच्यात नदीचं पाणी, दुसऱ्यात कोळसा, तिसऱ्यात धुतलेली वाळू, आणि खालच्यात ठिबकून आलेलं स्वच्छ पाणी. माठ कुंभाराशी भांडून घेतले. कोळसा दारावर तांबडी चिंधी बांधलेली टोपली घेऊन येणाऱ्या एका म्हातारीकडून घेतला. तिनं सांगितलेल्या भावाच्या निम्म्यावर तिला आणलं. ती उठून चालू लागली, मीही पाठ फिरवली. शेवटी तीच परत आली. त्या दिवशी मी जेवताना दोनदा ती गोष्ट बायकोला सांगितली.

घडवंचीनं मात्र घात केला. सुतारानं माठ बसवायची भोकं इतकी मोठी पाडली की माठ आरपार जायचा. मी शिव्या दिल्या तर म्हणाला, "मालक, तुमी हातवारे करून सांगितलंसा. हातवाऱ्यात माप असतंय व्हय? कागदावर काढून द्यायचं हुतं." चुंबळी घालून मी माठ कसेबसे बसवले, पण ते बोलणं मला झोंबलं. अडाणी ठरवलं त्यानं मला.

पाणी मात्र उत्तम आलं. महिन्याभरानं एकदा धाकटी पाणी पीत होती आणि बायको पाठमोरी भाकरी थापत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. ते बघून मला हळदीच्या कुठल्याही सौद्यापेक्षा जास्त समाधान वाटलं.

तरी सुताराचं शल्य होतंच. शाळेतले ड्रॉइंगमास्तर आमच्या गल्लीत राहायचे. त्यांना म्हटलं, मला घडवंची काढायला शिकवा, दुसरं काही नको. ते हसले. "आधी डोळा शिकवावा लागतो, दलाल. रविवारी नदीवर चला."

माघातली सकाळ होती. कृष्णेच्या काठी बसून मी पहिल्यांदा होडी काढली. मास्तरांनी कागद उलटा धरून पाहिला. "पायताण झकास आलंय." मी चिडलो. ते म्हणाले, "एकच वस्तू धरा आणि शेवटपर्यंत तिच्याकडं बघा. सौदा मध्ये मोडायचा नाही."

लांब, नदीच्या वळणाशी, एक बाई वाकून काहीतरी वेचत होती. वाकलेली पाठ, शेजारी टोपली. ती जागची फारशी हलत नव्हती, म्हणून मला सोयीची वाटली. ते वळण कुठलं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. उन्हाळ्यापासून मी त्या बाजूला मानच वळवली नव्हती. त्या दिवशी कागदापायी वळवली. चुलीसाठी शेण्या वेचत असेल असं स्वतःला सांगितलं आणि पाठ काढली, कोपर काढलं, टोपली काढली. टोपलीच्या काठाला तांबडी चिंधी बांधलेली होती. तीही काढली. मास्तर म्हणाले, "ही मात्र बाई दिसते हो."

मग बाई उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि काठाकाठानं आमच्याच दिशेनं आली. चिंधी ओळखीची होती. टोपलीत कोळसा होता, वरनं पाणी मारून विझवलेला, अजून ओला.

मी उठलो तेव्हा मांडीवरचा कागद खाली पडला. "हा कोळसा तू तिथनं आणतेस?"

तिनं मला ओळखलं. घाबरली नाही. "मग कुटनं आनू?"

"मला फसवलंस तू."

"म्या कुटं म्हनलं रानातला हाय म्हनून? तुमी इचारलंच न्हाई, दादा. तुमी निस्ता भाव इचारला." टोपली सावरत ती पुढं म्हणाली, "निम्म्या भावात बाभळीचा कोळसा कोन देतंय? जळान तरी मिळतंय का कुटं?"

माझ्या तोंडात शिवी आली होती. ती देण्याऐवजी मी विचारलं, "कधीपासून वेचतेस?"

"आमचं धनी गेलं तवापासनं. चार वर्सं झाली की."

चार वर्षं. म्हणजे मागचा उन्हाळाही त्यात आला. त्या वळणावरच्या मसणात थोरलीसाठी मी स्वतः लाकडं रचली होती; थोडीच लागली होती. कोळसा मी घेतला तो त्यानंतर. मला पुढचा प्रश्न विचारायचा होता आणि विचारता आला नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोट मागं हटलं. मास्तर काहीतरी समजुतीचं बोलत होते, आगीत सगळं शुद्ध होतं वगैरे. त्यांना आमच्या थोरलीचं माहीत होतं. बोलता बोलता त्यांनाही ते आठवलं असावं, कारण वाक्य अर्धवट सोडून ते माझा पडलेला कागद उचलायला वाकले.

घरी आलो तर धाकटी तांब्या दोन्ही हातांत धरून पाणी पीत होती. मी तो काढून घेतला. ती रडायला लागली. वरचा माठ उतरवला, दुसरा काखेत घेतला आणि दाराकडं निघालो.

"आवं, कुटं निघालासा? पुन्हा त्या सुताराशी भांडलासा काय?" बायकोनं विचारलं.

"होय," मी म्हणालो.

भर दुपारी नदीत कंबरभर पाण्यात उतरून मी तो कोळसा दोन्ही हातांनी सोडला. माठही सोडला. घाटावरच्या बायका बघत होत्या. ओल्या धोतरानं परत आलो तेव्हा बायकोनं टॉवेल दिला. त्या दिवशी तिनं भाकरीआधी पाण्याचं पातेलं चुलीवर ठेवलं आणि उरलेलं सगळं जळण त्याखाली घातलं.

चित्र मास्तरांनी नंतर आणून दिलं; नदीच्या वळणावरचं आहे, एवढंच म्हणाले. बायकोनं ते बराच वेळ पाहिलं. वाकलेल्या पाठीवरून, टोपलीवरून, चिंधीवरून तिचं बोट फिरलं. मग कागदाची घडी घालून तिनं तो ट्रंकेत तळाशी ठेवला.

"नवा कोळसा आनशिला," ती म्हणाली, "तवा घासाघीस करू नगासा."