कोरड्या खोलीतली राजेश्वरी

वडिवळ्याच्या राजेश्वरीला स्वप्नंसुद्धा ओलीच पडायची. जन्म भातखाचरात गेलेला, आषाढात कपडे चुलीवर धरून वाळवलेले. अशा मुलीला नोकरी लागली ती तळेगावच्या बाजूच्या कारखान्यात, पाण्याला मज्जाव असलेल्या खोलीत. तिथं इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीचे सेल बनायचे. हवेत जरा ओलावा आला की सेल आतून फुगतो आणि भंगारात जातो. म्हणून ओले केस चालत नाहीत, घामेजलेलं अंग चालत नाही.

"आणि आत रडायचंही नाही," लाइनप्रमुख सुहास सर पहिल्या दिवशी हसत म्हणाले होते.

ओठ फुटायचे, कातडी ताणायची, पण राजेश्वरीला ती खोली फार आवडायची. पांढरा उजेड, यंत्राची एकसुरी घरघर आणि समोरून सरकत जाणारा, सेलमध्ये गुंडाळायचा काळा, चकचकीत पत्रा. ढगाळ दिवशी इंद्रायणी अशीच दिसते. बघता बघता तिची तंद्री लागायची. हात आपलं काम करत राहायचे.

सुरुवातीच्या लहान लाइनवर थोडेच सेल बनायचे, तोवर सगळं सुरळीत होतं. मग मोठी लाइन आली आणि नशीबच फिरलं. घरच्या चार माणसांचा भात आणि लग्नातला भात, तांदूळ तोच, पण मोठ्या पातेल्यात खाली करपतो आणि वर कच्चा राहतो. इथंही तसंच झालं. सेलमागून सेल भंगारात जाऊ लागले. राजेश्वरीनं ते मनाला लावून घेतलं. आपल्या हातच्या सेलवर गाड्या पळणार, असं ती गावभर सांगून बसली होती ना!

खंडेनवमी आली. मावळात त्या दिवशी विळ्या-कोयत्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्यांची पूजा होते. भात नुकतं लोंब्यांवर आलेलं. तिच्या वडिलांनी, सोपानआबांनी, पहाटेच लोंब्या आणि झेंडूचं तोरण ओवलं.

"तुज्या मशीनला बी बांध गं. रुसलंय म्हंतीस न्हवं?"

कंपनीनं गेटवर नारळ फोडला होता. पण गेटवरची पूजा आतल्या मशीनला कशी पोचणार? आता हिला भाबडी म्हणावं की वेडी, तुम्हीच ठरवा. आत जाताना घालायच्या पांढऱ्या सुटात तोरण लपवून तिनं ते मशीनच्या मागं बांधलं. फुलांवर दव तसंच होतं.

थोड्याच वेळात ओलाव्याचा इशारा देणारा भोंगा वाजला, लाइन थांबली. त्या पाळीचा सगळा माल भंगारात गेला.

"कोणी बांधलं हे?"

"मी, सर."

सुहास सर रागावण्याआधी दुखावलेच. "महिनाभर ओलावा कुठून येतो ते शोधतोय आम्ही. आणि तू दव घेऊन आत आलीस?"

राजेश्वरीची बदली दाराबाहेर झाली. आत जाणाऱ्यांची तपासणी करायची. दाराच्या काचेपलीकडे तिची नदी वाहत होती आणि ही काठावर. तिला फार लागलं. पण मग ती इरेला पेटली. प्रत्येकाचे केस चाचपायची, बाह्या पालथ्या करून बघायची. एकदा धुक्यातून स्कूटरवर आलेल्या सुहास सरांनाच तिनं अडवलं.

"कॉलर वली हाय, सर. न्हाई सोडनार."

सर मुकाट्यानं कोरडे कपडे घालून आले.

लाइन सुधारली ती काही एकट्या तिच्यामुळं नाही. इंजिनिअरांनी दारं बदलली, फटी बुजवल्या, मशीनचा वेग उतरवून पुन्हा हळूहळू चढवला. आणि वडिवळ्यात मळणी चालू असताना एके दुपारी मोठ्या लाइनवरचे सेल पहिल्यांदाच चाचणीत धड निघाले. आत टाळ्या वाजल्या. राजेश्वरी काचेला नाक लावून उभी होती.

दार उघडून सुहास सर बाहेर आले. दाराबाहेरच्या आपल्या कपाटातून त्यांनी तिचंच तोरण काढलं. एवढ्या दिवसांत ते इतकं वाळलं होतं की लोंब्या खुळखुळत होत्या. सरांनी ते जपून ठेवलं होतं, हे तिला आज कळलं.

"हे आता दाराच्या बाहेरून बांध," सर म्हणाले. "आणि सूट घालून आत ये. तुझी जागा रिकामीच आहे."

राजेश्वरीनं तोरण बांधलं. पण पाऊल उचलेना. तिनं घाईघाईनं तोंड फिरवलं.

"काय झालं? ये ना."

"जरा दम धरा, सर," ती म्हणाली. "डोळं सुकू द्या."