मराठी स्वयंपाकघर, रविवारी सकाळी

मिरज स्टेशनवर आईनं खिडकीतून दशम्यांचं पुडकं आत सरकवलं आणि म्हणाली, "बडोद्यात आपलीच माणसं आहेत. घाबरू नकोस." वडिलांनी मान डोलावली. आमच्या घरी बडोदे म्हणजे मिरजेपासून जरा लांबचं एखादं उपनगर, अशीच समजूत होती.

मिरजेत राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांनो, ती आपली माणसं मला बडोद्यात, मी राहते त्या गोत्री भागात, काही सापडली नाहीत. लॅबमधली नोकरी चांगली, सोसायटी चांगली. शेजारच्या बेन लिफ्टमध्ये हसून "केम छो?" विचारतात, पण उत्तर देईपर्यंत मजला येतो. रविवार मला खायला उठायचा. मग मी गाइडेड टूर घ्यायला लागले. राजवाडे वगैरे नाही, ते फोटोत बरे दिसतात. मी निवडायचे त्या जगावेगळ्या टूर. वटवाघळांची, पडक्या विहिरींची, एकदा तर नुसत्या जुन्या दारांची. "दारं बघायला पैसे देतेस?" आई फोनवर विचारायची. तिला कसं सांगणार, की टूरमध्ये दोन तास कुणीतरी माझ्या बाजूनं चालतं आणि मी मागे पडले तर गाइड थांबतो?

एकदा यादीत 'मराठी रसोडा वॉक' दिसला. जुन्या शहरातल्या एका मराठी घरी जाऊन जेवायचं. मी साडी नेसून गेले. बाकीचे टोप्या आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन आले होते.

ते घर कुमुदताईंचं. साठीच्या, कित्येक पिढ्या बडोद्यातच. "महाराष्ट्रीयन लोक पानात आधी मीठ वाढतात," गाइडनं इंग्रजीत सांगितलं. सगळ्यांनी मिठाचा फोटो काढला. मीही काढला, काय करणार! जेवण झाल्यावर मात्र सवयीनं माझं ताट उचललं, शेजारच्याचंही उचललं आणि सरळ आत मोरीत जाऊन घासायला बसले. कुमुदताई धावत आल्या. "अरे बेन, गेस्ट लोकांनी इकडे नाही यायचं! बहार बेसो ने!"

"असू द्या, दोनच ताटं आहेत," मी म्हणाले.

मराठी ऐकून त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात गाइडनं मला हाक मारली. परतताना रिक्षात मला रडू आलं. आपल्याच पंगतीत मी तिकीट काढून जेवले होते.

पुढे एका सुट्टीच्या दिवशी मी परत त्या गल्लीत गेले. दारावरून दोनदा पुढे गेले, मग बेल वाजवली.

"टूर रविवारी असते ने," कुमुदताई म्हणाल्या. त्यांनी मला ओळखलं नव्हतं.

"टूरला नाही आले."

"मग?"

आपली माणसं शोधतेय, असं कुठल्या तोंडानं सांगायचं? "सहजच," मी म्हणाले.

"त्या दिवशी ताटं घासायला बसलेल्या, त्याच ने तुम्ही?" त्यांनी विचारलं. मग बाजूला झाल्या, मला आत बसवलं आणि पुढ्यात गवारीची परडी ठेवली. "मोडायला लागा. माझी भाजी अजून बाकी आहे." पाणीसुद्धा मीच उठून घेतलं.

मिरजेला गेले की आई हल्ली मला कशाला हात लावू देत नाही. चार दिवसांची पाहुणी तू, म्हणते. आणि मी खरंच पाहुणीसारखी बसून राहते. घर कुठलं, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते.

गवार संपत आली तेव्हा कुमुदताई आतून ओरडल्या, "शिरा काढल्यास ने नीट?"

नव्हत्या काढल्या. मी मोडलेली सगळी गवार परत पुढ्यात ओढली.